पाठदुखीच्या पाठीमागे

पाठीच्या वरच्या भागातील बहुतेक दुखणी मणक्यांची नसतात, स्नायूंची असतात आणि ती बरी होतात. मात्र त्यासाठी अंथरूण धरण्यापेक्षा बेताने हालचाल करणे अधिक उपयोगी ठरते. कोणते दुखणे घरी हाताळता येते आणि कोणत्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागते, याचा हा ऊहापोह.

मराठीत या दुखण्याला नावांची वाण नाही. कुणाच्या पाठीत उसण भरते, कुणाला चमक येते, कुणाची पाठ आखडते, तर कुणाच्या खांद्यांना रग लागते. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत घराघरांत होती आणि काही ठिकाणी ती आजही आहे. त्या उपायाने अनेकांना गुण येत असे, हेही खरे. कारण साधी उसण काही दिवसांत आपली आपणच उतरते आणि त्याचे श्रेय पाय लावणाऱ्याला मिळते. आजच्या शहरी माणसाने पायाळूची जागा वेदनाशामक गोळीला, कमरेच्या पट्ट्याला आणि एमआरआय तपासणीला दिली आहे. तरीही दुखते नेमके काय आणि ते पुन:पुन्हा का दुखते, हा मूळ प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत अनुत्तरितच राहतो.

बरगड्यांचा पिंजरा आणि त्यावरचे स्नायू

मानेच्या खालपासून बरगड्या संपतात तिथपर्यंतचा भाग म्हणजे पाठीचा वरचा आणि मधला भाग. येथे बारा मणके असतात आणि त्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या जोडलेल्या असतात. या पिंजऱ्यामुळे हा भाग मानेइतका किंवा कमरेइतका लवचीक नसतो. पण त्यामुळेच तो सुरक्षितही असतो. कमरेत किंवा मानेत चकती सरकून नस दबल्याचे जसे वारंवार आढळते, तसे या भागात क्वचितच घडते.

या पिंजऱ्यावर दोन्ही बाजूंना त्रिकोणी हाडे असतात. त्यांना आपण खांद्याचे फरे म्हणतो. हे फरे पाठीच्या कण्याला थेट जोडलेले नसतात. हाडांच्या सांगाड्याशी त्यांचा सांधा जुळतो तो पुढच्या बाजूच्या हासळीच्या हाडामार्फत. मागच्या बाजूला त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे सारे काम स्नायूंनाच करावे लागते. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस, दोन फऱ्यांच्या मधला ऱ्हॉम्बॉइड आणि मानेच्या मणक्यांपासून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली हे त्यांतील प्रमुख. हात उचलला, पिशवी धरली, कळफलकावर बोटे चालवली किंवा मान खाली घालून मोबाइल पाहिला, तरी हेच स्नायू कामाला लागतात. वरकरणी हाताचे वाटणारे काम पाठ करीत असते, ते असे.

न थकवणारे काम का थकवते?

सिमेंटची गोणी उचलणाऱ्याची पाठ दुखली तर कुणाला नवल वाटत नाही. पण दिवसभर खुर्चीत बसून केवळ माउस हलवणाऱ्याची पाठ का दुखावी? या प्रश्नाचे एक उत्तर स्वीडनमधील संशोधक योरान हेग यांनी १९९१ मध्ये मांडले. स्नायूमध्ये तंतूंचे अनेक गट असतात. हलके काम करताना सर्व गट वापरले जात नाहीत. ठरावीक लहान गटच प्रथम जागे होतात आणि काम पूर्ण थांबेपर्यंत तेच जागे राहतात. काम हलके असल्याने संपूर्ण स्नायू दमत नाही, पण या मूठभर तंतूंना मात्र विसावा मिळत नाही. घरात सर्वांच्या आधी उठून सर्वांच्या शेवटी निजणाऱ्या गृहिणीसारखीच त्यांची गत होते. हेग यांच्या या मांडणीला परीकथेतील राबणाऱ्या मुलीवरून ‘सिंड्रेला गृहीतक’ असे नाव पडले.

ही मांडणी सर्वच दुखण्यांचा उलगडा करते असे नाही. तथापि, रोजच्या अनुभवाशी ती जुळते. पोळ्या लाटणारी गृहिणी, शिवणयंत्रावर वाकलेला कारागीर, झवेरी बाजारात दागिन्यावर नजर रोखून बसलेला सुवर्णकार, पुण्याच्या वाहतुकीत तासभर दुचाकीचे हँडल धरून बसलेला नोकरदार आणि संगणकासमोरचा अभियंता यांची कामे अगदी वेगवेगळी. पण हात पुढे, मान किंचित खाली आणि पाठ एकाच जागी स्थिर, ही अवस्था मात्र सर्वांची सारखीच. २०२० च्या टाळेबंदीत जेवणाचे टेबल आणि पलंग यांनाच कार्यालयाचे रूप आले, तेव्हा हा अनुभव अनेक घरांत नव्याने आला.

येथे एक प्रचलित समज तपासून पाहिला पाहिजे. ‘ताठ बस, पाठीचे दुखणे जाईल’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रारूपाच्या आधारे असे दाखवले की, मान ६० अंशांत पुढे झुकवली असता मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोइतका भार येतो. हा आकडा जगभर गाजला. पण तो संगणकीय हिशेबातून आलेला होता, माणसांच्या दुखण्याचे मोजमाप करून काढलेला नव्हता. पोक काढून बसणाऱ्या प्रत्येकाची पाठ दुखत नाही आणि ताठ बसणाऱ्यांचीही दुखते, असे अनुभवास येते. एखादी बैठक मुळातच वाईट असण्यापेक्षा त्याच बैठकीत तासन्‌तास राहणे स्नायूंना अधिक जाचते. लष्करी ताठपणाने चार तास बसणारा माणूसही संध्याकाळी पाठ चोळतच उठतो.

याखेरीज अपुरी झोप, मनावरचा ताण आणि व्यायामाचा अभाव ही कारणेही या दुखण्याला खतपाणी घालतात. चिंतेत असलेला माणूस नकळत खांदे वर ओढून धरतो आणि श्वासही उथळ घेतो. झोप अपुरी असली की तेच दुखणे अधिक तीव्र जाणवते. दुखणे ‘मानसिक’ आहे, असा याचा अर्थ नव्हे. वेदनेची जाणीव अखेर मेंदूत होते आणि थकलेला, धास्तावलेला मेंदू ती अधिक मोठी करून दाखवतो, इतकाच याचा अर्थ.

एमआरआय काय सांगतो, काय नाही

दुखणे दोन आठवडे टिकले की अनेक जण स्वत:हून एमआरआय काढून घेतात. अहवालात चकती फुगल्याचा किंवा झिजल्याचा उल्लेख असतो आणि तेथून भीतीचे दुसरेच दुखणे सुरू होते. या संदर्भात १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बोलका आहे. पाठीच्या या भागात कोणतीही तक्रार नसलेल्या ९० व्यक्तींचा त्यात एमआरआय काढण्यात आला. त्यांपैकी ६६ जणांच्या, म्हणजे ७३ टक्के व्यक्तींच्या मणक्यांत काही ना काही दोष दिसला. चकती सरकल्याची खूण ३७ टक्के व्यक्तींमध्ये होती. दुखत मात्र कुणाचेच नव्हते.

तात्पर्य, छायाचित्रात दिसणारी झीज अनेकदा केसांतील रुपेरी छटांसारखी वयाची खूण असते. धोक्याची लक्षणे नसताना घाईने काढलेली तपासणी खिशाला चाट लावते आणि बऱ्याचदा रुग्णाला हालचालीची भीती घालते. ही भीतीच पुढे दुखणे लांबवते. पाठ ‘झिजली’ आहे, असे मनावर ठसलेला माणूस वाकणे टाळतो, उचलणे टाळतो आणि स्नायू अधिकच दुबळे होतात.

स्नायूंच्या दुखण्याची लक्षणे

स्नायूंचे दुखणे बहुधा एका जागी बोट ठेवून दाखवता येते. ती जागा दाबली की दुखते आणि कधी कधी दाबल्यावर ‘हेच ते’ असे बरेही वाटते. हाताला घट्ट गाठ किंवा दोरीसारखा ताण लागतो. या गाठींचा विस्तृत अभ्यास डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डॉ. डेव्हिड सिमन्स यांनी केला. त्यांचा यावरील ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रॅव्हेल या अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या डॉक्टर होत्या. या गाठींमध्ये नेमके काय घडते, याविषयी वैद्यकशास्त्रात आजही मतभेद आहेत. पण त्या दाबल्यावर वेदना दूरवर, मानेकडे किंवा डोक्याकडे पसरू शकते, हे रुग्ण रोज सांगतात.

असे दुखणे हालचालीनुसार बदलते. विशिष्ट बाजूला वळल्यावर वाढते, शेकल्यावर कमी होते, दिवस चढत जाईल तसे जाणवू लागते आणि सुटीच्या दिवशी विसरायला होते. अचानक लचक भरली असेल तर खोल श्वास घेताना किंवा शिंकतानाही कळ येऊ शकते.

पहिले तीन दिवस

लचक भरल्यावर पहिले एक-दोन दिवस जड उचलणे टाळावे, पण अंथरूण धरू नये. सहन होईल तितके घरात फिरावे आणि दर तासाला खांदे हळूहळू मागून पुढे व पुढून मागे फिरवावेत. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा ते वीस मिनिटे शेकल्यास आखडलेला स्नायू सैल होतो. पिशवी व त्वचा यांमध्ये टॉवेल ठेवावा. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी शेकताना विशेष काळजी घ्यावी. हलका मसाज किंवा वेदनाशामक मलम यांनी तात्पुरता आराम पडतो. तो घेण्यास हरकत नाही. त्या अवधीत हालचाल मात्र वाढवावी.

गोळ्यांच्या बाबतीत सावधगिरी आवश्यक आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दोन-तीन दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे वेगळे आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेणे वेगळे. त्यांमुळे जठराला व्रण पडू शकतो आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना त्यांचा धोका अधिक असतो.

दोन घरगुती उपाय मात्र कटाक्षाने टाळावेत. केशकर्तनालयात मान झटक्याने मोडून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन क्वचित पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. दुसरा उपाय म्हणजे लहान मुलाला पाठीवर चालायला लावणे. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तो मणक्याच्या अस्थिभंगाला निमंत्रण देऊ शकतो.

दुखणे ओसरले, काम संपले नाही

बहुतेक जण येथेच चुकतात. दुखणे थांबले की उपाय थांबतो आणि महिन्याभरात पाठ पुन्हा धरते. दुखणे ओसरले तरी स्नायूची भार पेलण्याची क्षमता वाढलेली नसते. दिवसभराच्या हलक्या पण अखंड कामासाठी तो पुरेसा बळकट नसेल तर तो पुन्हा तक्रार करणारच. ही ताकद वाढवण्यासाठी फार वेळ लागत नाही. डेन्मार्कमध्ये लार्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मानेच्या व खांद्याच्या दुखण्याने वारंवार त्रस्त असलेल्या १९८ नोकरदारांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने रबरी पट्टा वापरून रोज दोन मिनिटे, दुसऱ्याने रोज बारा मिनिटे खांद्यांचा व्यायाम केला. आठवड्यातून पाच दिवस, असे दहा आठवडे. व्यायाम न करणाऱ्या गटाच्या तुलनेत दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. दोन मिनिटांचा व्यायामही वाया गेला नाही, ही यातील महत्त्वाची बाब.

घरी करता येण्याजोगे काही व्यायाम असे :

फरे आवळणे : खांदे वर न उचलता दोन्ही फरे एकमेकांजवळ आणावेत, पाच सेकंद धरावेत व सोडावेत. असे दहा वेळा.

खुर्चीवर मागे रेलणे : हात डोक्यामागे घेऊन, पाठ टेकलेली ठेवून, खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कडेवरून छाती हळूच मागे न्यावी. आठ ते दहा वेळा. चाकांची खुर्ची यासाठी वापरू नये.

भिंतीवरचे जोर : भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत व कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्यावी. दहा ते बारा वेळा.

पट्टा ओढणे : व्यायामाचा रबरी पट्टा खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून दोन्ही टोके कोपरे मागे नेत ओढावीत. दहा ते बारा वेळा, दोन फेऱ्या, दिवसाआड.

हात बाजूला उचलणे : पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत धरून हात खांद्याच्या उंचीपर्यंत बाजूला न्यावेत. सवय झाली की एक लिटरच्या बाटल्या घ्याव्यात.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरण्याचे कारण नाही. सहन होण्याजोगे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले, तर मात्रा योग्य आहे असे समजावे. सकाळीही ते वाढलेलेच असेल तर मात्रा निम्मी करावी. फरक ठळकपणे जाणवण्यास सहा ते दहा आठवडे लागू शकतात. तोपर्यंत धीर सोडू नये. ज्यांना हे स्वत:हून जमत नाही, त्यांनी भौतिकोपचारतज्ज्ञाकडून एकदा शिकून घ्यावे. मात्र तेथेही केवळ यंत्राने शेक घेऊन परतण्यापेक्षा व्यायाम शिकण्यावर भर असावा.

कामाच्या जागी छोटे बदल

महागडी खुर्ची ही गरज नाही. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला यावी. लॅपटॉप असेल तर तो पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वेगळा कळफलक वापरावा. कोपर ते मनगट हा हाताचा भाग टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकलेला असला की फऱ्यांचे स्नायू सुटकेचा नि:श्वास टाकतात. दर अर्ध्या तासाने उठून मिनिटभर चालावे. फोन आला की उभे राहून बोलावे. लोकलच्या गर्दीत लॅपटॉपची बॅग एकाच खांद्यावर लटकवण्याऐवजी दोन्ही खांद्यांवर विभागून घ्यावी.

स्वयंपाकघराचा विचार या चर्चेत सहसा होत नाही. ओटा उंच असेल तर पोळी लाटताना खांदे वर उचलले जातात. पोळपाट कोपरापेक्षा थोडा खाली यावा, इतकी उंची सोयीची. ओटा बदलता येत नसेल तर पायाखाली भक्कम पाट घ्यावा किंवा पोळपाट खालच्या टेबलावर ठेवून लाटावे. वीस पोळ्या एका दमात करण्याऐवजी मध्ये थांबून दुसरे काम हाती घ्यावे. घरातील इतरांनी लाटणे हाती घेतले तर उत्तमच.

जे दुखणे स्नायूंचे नसते

पाठ दुखते म्हणून येणाऱ्या रुग्णांत थोडे असे असतात, ज्यांच्या बाबतीत शेक आणि व्यायाम यांत घालवलेला वेळ महागात पडतो. त्यांची लक्षणे प्रत्येक घरात ठाऊक असली पाहिजेत.

दोन फऱ्यांच्या मध्ये अचानक दडपण, त्यासोबत घाम, धाप, मळमळ, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. स्त्रियांमध्ये छातीत कळ येण्याऐवजी पाठदुखी, दम लागणे व थकवा अशी लक्षणे दिसण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. ‘गॅस झाला असेल’ किंवा ‘कामाने पाठ धरली असेल’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काही फाटल्यासारखी अतितीव्र कळ एकाएकी उठली तर महारोहिणी या मुख्य रक्तवाहिनीचा विकारही संभवतो. तीही तितकीच तातडीची बाब होय.

आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगा आजार म्हणजे मणक्याचा क्षय. ब्रिटिश शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले. पाठीचा हाच बरगड्यांचा भाग त्याचे नेहमीचे ठिकाण आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, ही वस्तुस्थिती पाहता त्याची शंका वेळीच घेणे आवश्यक ठरते. आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणारे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन ही त्याची चिन्हे. अर्थात, प्रत्येकात ती सर्व दिसतातच असे नाही. अभिनेते अमिताभ बच्चन यांना २००० मध्ये मणक्याचा क्षय झाला होता. ‘कौन बनेगा करोडपती’च्या त्या दिवसांत वेदनाशामक गोळ्या घेऊन काम निभावले, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. उपचार पूर्ण करून ते बरे झाले. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. निदान लांबले तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

पाय जड पडणे, चालताना तोल जाणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पूर्वी कर्करोग झालेल्यांना नव्याने पाठदुखी सुरू झाली, साठीपुढच्या स्त्रीला किरकोळ धक्क्यानंतर पाठीत तीव्र कळ आली किंवा अपघातानंतर दुखू लागले, तर तपासणी टाळू नये. पाठीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर दोन-चार दिवसांत तेथे नागिणीचे फोड उठू शकतात. तेलकट जेवणानंतर उजव्या फऱ्याखाली दुखत असेल तर पित्ताशयातील खड्यांचा विचार करावा लागतो.

यांपैकी काहीही नसेल, तर घरच्या उपायांना अवधी द्यावा. चार ते सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तेथे जाताना दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते, रात्री झोपमोड होते का आणि आजवर कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांना निदानासाठी अनेकदा मणक्याच्या छायाचित्रापेक्षा याच टिपणाचा अधिक उपयोग होतो.